अक्कलहुशारीने

सोळाव्या वर्षी मला शोध लागला की या जगात विचार करणारी मी एकटीच आहे. बाकीची माणसं चालतात, बोलतात, जेवतात, दाराला कडी लावतात, पण आत कोणी नाही. हा शोध मी घरात कोणालाच सांगितला नाही. आत कोणी नसेल तर ऐकणार कोण? इतकी मी हुशार होते. आज ती पोरगी भेटली तर तिच्या दोन्ही वेण्यांची गाठ मारून तिला खुंटीला टांगीन. पण तेव्हा अकरावी सायन्सला नुकती जायला लागले होते, चष्माही नवा होता, आणि चष्मा लागला की अक्कल वाढते असा आमच्या चाळीत सार्वत्रिक समज होता.

शोधाचं मूळ एका बेडकात होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी त्याला ट्रेमध्ये उताणा टाचून ठेवला होता. मेलेलाच होता बिचारा. सरांनी बॅटरीच्या दोन तारा त्याच्या मांडीला लावल्या आणि त्याचा पाय असा काही उडाला की माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली. सर म्हणाले, "रडू नकोस. पाय हलला म्हणजे त्याला कळलं असं नाही. तार लावली, पाय हलला. संपलं." सगळ्यांनी हे जर्नलमध्ये उतरवून घेतलं. मी मात्र काळजात उतरवून घेतलं. कॉलेज सुटल्यावर नाशिकच्या शालिमार स्टॉपवर देवळाली कॅम्पची बस पकडली, तर कंडक्टर कोणाकडेही न बघता "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत होता. पुढे कोणीच उभं नव्हतं. मी मनात म्हटलं, हाही बेडूकच.

घरी येऊन बघते तर सगळेच बेडूक. बाबा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी संपवून आले की चपला काढताना म्हणायचे, "पंखा लाव." मग "पाणी दे." मग "कोणी आलं होतं का?" याच क्रमानं, रोज. आईचं आपलं निराळं ठरलेलं. नळ आला का, दूध उतू गेलं का, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. मी एक दोनशेपानी वही केली. कोण कधी काय म्हणणार ते आधीच लिहून ठेवायचे आणि तसं झालं की समोर बरोबरची खूण. आठवड्याभरात पानं खुणांनी भरली. स्वतः मी रोज काय म्हणत होते, ते लिहायचं मात्र मला सुचलं नाही. आईला विचारलं असतं तर तिनं न बघता सांगितलं असतं: "मला भूक नाही" आणि लगेच "आज काय केलंय?"

आमचं घर कॅम्पातल्या बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरावर पत्रा होता. कॅम्पाच्या पलीकडे लष्कराच्या तोफांचा सराव चालायचा. दणका झाला की आधी पत्रा थरथरायचा, मग फळीवरची भांडी, मग माझ्या टेबलावरची पेन्सिल घरंगळायची. पाहुणे दचकायचे, आम्ही घास मोडत राहायचो. याचाही मी प्रयोग केला. आई एकदा दचकली, तेव्हा मी लिहिलं, "तार लावली, पाय हलला. आत कोणी नाही." भिमाआत्या दचकली नाही, तेव्हा लिहिलं, "काहीच हललं नाही. आत कोणी नाही." दचकला तर बेडूक, न दचकला तर दगड. असल्या शास्त्रात कोणी पास होऊ शकत नाही, हे कळायला मला मध्ये दोन बाळंतपणं जावी लागली.

ही भिमाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला आणि तेव्हापासून ती अशी, एवढाच तिचा इतिहास आम्हाला सांगितला जायचा. लग्न करून दिलं होतं. चार महिन्यांत परत आणून सोडली. दिवसातून पाच-सहा शब्द बोलायची, तेही "मीठ", "पाणी", "मांजर" असे. सकाळी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाल्ली की उंबऱ्याजवळ पाय पसरून, सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसायची. आमचेच नाहीत, शेजारणींचेही. नाकातल्या नाकात एकच सूर चाललेला असायचा, चरकाला तेल घालायचं राहिलं की येतो तसला. शेजारणी तांदूळ घेऊन यायच्या आणि तिच्या शेजारी बसून वाटेल ते बोलायच्या. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाचा नवरा कुठे जातो, कोणी चुलीत काय लपवलंय. कोणी डोळ्यांनी खूण केली तर दुसरी म्हणायची, "अगं बोल, तिला काय कळतंय." आईसुद्धा बाबांच्या तक्रारी तिच्या सुपापुढेच मांडायची. आमच्या सबंध चाळीची गुपितं त्या एका उंबऱ्यावर गोळा होत होती, आणि चष्मेवाली शास्त्रज्ञ आत टेबलावर बसून लिहीत होती: "भिमाआत्या. सगळ्यात सोपी केस. आत कोणी नाही, हे उघड आहे."

तेवढ्यात आप्पाकाका आला. बाबांचा धाकटा भाऊ. अंबडच्या कारखान्यांपलीकडे आमचा वडिलार्जित जमिनीचा एक तुकडा होता, तो हा कसायचा. काका आला की घरभर विडीचा आणि बैलांचा वास यायचा आणि मला तो फार आवडायचा, कारण काका माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलायचा. त्या दिवशी त्यानं उडदाच्या आमटीत भाकरी कुस्करली आणि म्हणाला, "दादा, जमिनीला गिऱ्हाईक लागलंय. प्लॉट पाडणाराय तो. पण सातबाऱ्यावर अक्काचं नाव हाय. तिचं हक्कसोड करून घेतल्याबिगर तो हात लावंना."

हक्कसोड म्हणजे बहिणीनं भावांच्या नावे आपला वाटा सोडायचा, तसा कागद करायचा आणि सरकारी कचेरीत साहेबासमोर अंगठा द्यायचा. आमच्याकडे ही रीतच होती. बहिणी राखी बांधायला यायच्या, साडी न्यायच्या आणि वाटा सोडून जायच्या. कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही.

"साहेब तिला विचारील," बाबा म्हणाले. "ती बोलली नाही तर?"

"त्याची तोड काढू. आन एकदा अंगठा झाला का तिला हरसूलला ठेवू, गोविंदाकडं. त्याची गुरं हायेत. शेण काढील, दोन भाकरी खाईल. तुमाला पण जागा होईल. पोरगी मोठी झाली, तिला खोली नको?"

गोविंदा हा त्यांचा कुठल्याशा नात्यातला भाऊ. वर्षातून एकदा यायचा आणि जाताना आमचा एक तांब्या घेऊन जायचा. आईच्या हातातली पळी पातेल्यावर तशीच राहिली. "तिला जायचंय का?" आईनं विचारलं.

"वहिनी, तिला काय कळतंय," काका म्हणाला आणि त्यानं डाव्या हाताची बोटं कानाजवळ अशी उडवली, जशी माशी हाकलावी. ही त्याची लकब. "हितं काय न तितं काय."

बाबा खाली बघून जेवत राहिले. बाबा वाईट नव्हते. पण भावासमोर त्यांचा नट नेहमी एक आटा सैल असायचा. आत्या उंबऱ्यावर सूप पाखडत होती. तोफेचा दणका झाला, पत्रा थरथरला, तिच्या सुरात काही फरक पडला नाही. मी ते लिहून ठेवलं.

काकानं जाताना मला अंगणात गाठलं. "सुरे, तू शिकलेली. अक्काकडनं तीन उत्तरं पाठ करून घे. नाव काय, जमीन कोणाला सोडती, आन राजीखुशीनं का. झालं. लेडीज सायकल तुला. तुला पाहिजे तो रंग."

लाल, मी सांगितलं. लगेच सांगितलं. आता असं नाही की माझ्या आत काही हललं नाही. मी आत्याच्या कुशीत झोपून मोठी झाले होते, तिच्या लुगड्याला कोंड्याचा वास यायचा तो मला अजून आठवतो. पण मी वही उघडली आणि त्यात लिहिलं, "ज्याच्या आत कोणी नाही त्याला हरसूल काय आणि देवळाली काय." तत्त्वज्ञानाचा एक मोठा फायदा असा की ते सायकलीच्या आड येत नाही.

शिकवण्या सुरू झाल्या. आत्याला कॅम्पातल्या बेकरीची खारी फार आवडायची. मी एका खारीचे चार तुकडे करायचे, एक तुकडा डाव्या हातात धरायचे आणि विचारायचे, "राजीखुशीनं सोडतेस? म्हण, हो." ती "हो" म्हणाली की तुकडा तिच्या तळहातावर. नाही म्हणाली तर नाही. ती दोन दिवस माझ्या तोंडाकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिन्ही उत्तरं घडाघडा आली. वहीत लिहिलं, "उत्तर: हो. कारण: खारी." इतक्या पटकन कोणी शिकतं का, हा संशय तेव्हा यायला हवा होता. मला आला तो गर्व.

काका परीक्षा घ्यायला आला तेव्हा मी तर कमालच केली. आत्याला समोर बसवलं, खारी दाखवली आणि विचारलं, "आत्या, तू म्हैस आहेस का?"

"हो," आत्या म्हणाली.

काका इतका हसला की त्याला ठसका लागला. बाबाही हसले. मी सगळ्यात जास्त हसले आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो खाल्ला, लुगड्यावरचा चुरा बोटानं टिपून तोही खाल्ला. आई तेवढी हसली नाही. ती चुलीपुढून उठली आणि काही कारण नसताना फडक्यानं फळी पुसायला लागली.

कचेरीच्या दिवशी सकाळी आईनं आत्याला न्हाऊ घातलं, तिची वेणी घातली, स्वतःचं हिरवं लुगडं तिला नेसवलं. बराच वेळ दोघी मोरीच्या पडद्याआड होत्या. आई काहीतरी बोलत होती, पण बंबाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते. माझा आईवर आजही संशय आहे. ती जाईपर्यंत मी तिला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ती म्हणाली, "नळ आला का बघ."

कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली टंकलेखकांची टेबलं लागलेली, त्यांची खडखड एकसारखी चाललेली. आमचा कागद तयार होता. लेखनिकानं तो एका दमात वाचून दाखवला: "लिहून देणार हिने अक्कलहुशारीने, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, समजून उमजून लिहून दिले असे." मी चमकले. अक्कलहुशारीने? माझ्या वहीत तर हिची अक्कल शून्य निघाली होती. काकाला म्हटलं, "हे खोटं आहे ना?" काका म्हणाला, "आगं, समद्याच कागदात आसतंय ते. वाचतंय कोण."

आत साहेब चहा पीत होते. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मी आत्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले, मुठीत खारी. साहेबांनी न बघता विचारलं, "नाव?"

"भिमाबाई," आत्या म्हणाली. मी तुकडा तिच्या हातात सरकवला.

"हक्क कोणाला सोडताय?"

"भावांला." दुसरा तुकडा.

"राजीखुशीने?"

"हो." तिसरा.

काकानं सुस्कारा टाकला. शाईचं पॅड उघडलं. लाल सायकलची घंटी मला ऐकू यायला लागली. तेवढ्यात साहेबांचा चहा संपला, त्यांनी चष्मा खाली ओढला आणि आत्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. ती हातातली खारी चावत होती. "बाई," ते म्हणाले, "कागदात काय लिहिलंय ते कळलं ना तुम्हाला?"

हा प्रश्न आमच्या पाठात नव्हता.

"कळलं तिला साहेब," काका म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

आत्यानं घास गिळला. माझ्या मुठीकडे बघितलं. तीत चौथा तुकडा होता. मी तो पुढे केला आणि कुजबुजले, "म्हण, हो." तिनं तो घेतला नाही. साहेबांकडे वळली, डाव्या हाताची बोटं कानाजवळ माशी हाकलावी तशी उडवली आणि म्हणाली, "मला काय कळतंय."

तो आवाज काकाचा होता. ती लकब काकाची होती. बाहेरच्या टंकयंत्रांचा एकेक ठोका वेगळा ऐकू यायला लागला.

"म्हणजे कळलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"मला काय कळतंय," आत्या पुन्हा म्हणाली, अगदी शांतपणे, पाढा म्हणावा तशी.

साहेब बाबांकडे वळले. "तुम्ही सांगा. बहिणीला समजतं की नाही?"

बाबांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा बघितला नाही. समजतं म्हणावं, तर समजणारी बाई समोर उभी राहून अंगठा द्यायला कां कूं करतेय. समजत नाही म्हणावं, तर न समजणाऱ्या बाईचा अंगठा कशाला आणलात? घरात रोज उठता-बसता म्हटलेलं एक वाक्य त्यांच्या घशात आडवं झालं होतं. शेवटी ते म्हणाले, "साहेब, आम्ही तिला कधी विचारलंच नाही."

साहेबांनी कागदाची घडी करून काकाच्या हातात दिली. "मग आधी घरी विचारा. पुढचा."

बाहेर रसवंतीवर दोघा भावांचं जुंपलं. आयुष्यभर अक्काला काही कळत नाही म्हणणारा काका आता शपथेवर सांगत होता, "सोंग हाय समदं. लय पोचलेली हाय ही. आपल्याला सगळ्यांला इकून खाईल." आणि बाबा तिची बाजू घेत म्हणत होते, "नाही रे, ऐकून ऐकून पाठ झालंय तिला. पोपटासारखं बोलली." म्हणजे तिच्या बाजूचा माणूस म्हणत होता तिला अक्कल नाही आणि तिच्यावर उठलेला म्हणत होता आहे. मध्ये बसून आत्या रस पीत होती. काकानं मला विचारलं, "तू सांग सुरे, तू शिकवलं ना?" मी म्हटलं, "ती पोपटच आहे काका. माझ्या वहीत आहे." मला तिला वाचवायचं नव्हतं, हे कबूल करते. मला माझा शोध वाचवायचा होता.

आत्याचं नाव सातबाऱ्यावर राहिलं ते तिच्या शेवटापर्यंत. काकानं स्वतःचा भाग कधीतरी विकला, आत्याच्या तुकड्यावर बाबांनी रिटायर झाल्यावर मेथी लावली. हरसूलचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही, आणि गोविंदा यायचा तेव्हा आई तांबे मोजून घ्यायची. सायकल अर्थातच आली नाही. आत्या पुढे माझ्या लेकीचे लाड करायलाही होती, तिचेही तांदूळ निवडून दिले तिनं. माझा संशय मात्र त्या दिवसापासून उलटा फिरला. पूर्वी वाटायचं, कोणाच्याच आत कोणी नाही. आता वाटतं, सगळ्यांच्याच आत कोणीतरी दबा धरून बसलंय आणि ऐकतंय. माझी नात फोनमधल्या त्या बाईला काहीबाही विचारत असते. बाई फार गोड उत्तरं देते. परवा नात म्हणाली, "आज्जी, तिला शिव्या दे बघू, काही होत नाही. तिला काय कळतंय." मी नातीच्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, तुला ठाऊक नसेल, पण तिच्यासमोर हे वाक्य नको. जिच्याकडे सगळ्यांची गुपितं जमतात आणि जी मागाल तेव्हा "हो" म्हणते, तिच्याशी जरा जपून राहावं.

नातीला वाटलं आजी गंमत करतेय. तिला मी त्या दिवशीच्या बसचं सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही, नवऱ्यालाही नाही.

परतीच्या बसमध्ये बाबा पुढे बसले होते, मान खाली घालून. मी आणि आत्या मागे. आत्याला खिडकी. माझ्या मांडीवर खारीचा पुडा होता, तेलानं कागद पारदर्शक झालेला. मी बाहेर बघत रुसून बसले होते. माझी सायकल गेली होती आणि माझं शास्त्रही डगमगत होतं. कंडक्टर "पुढे सरका" म्हणत आला आणि गेला. नाशिक रोड मागे पडलं तेव्हा आत्यानं पुडा माझ्या मांडीवरून उचलला. एक खारी काढली. तिचे सावकाश चार तुकडे केले, माझ्यासारखेच. एक तुकडा डाव्या हातात धरला आणि माझ्याकडे वळून बसली. तिच्या डोळ्यांत इतक्या जवळून मी तोवर कधी बघितलं नव्हतं. चुरा कागदावर पडत होता आणि ती वाट बघत होती, माझ्यापेक्षा कितीतरी सबुरीनं.

"सुरे," ती हळूच म्हणाली, "म्हैस हायेस का तू?"

मी पुढे बघितलं. बाबांना ऐकू गेलं नव्हतं. बसमध्ये कोणालाच ऐकू गेलं नव्हतं. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या, पण पुसायला हात उचलेना.

"हो," मी म्हणाले.

तिनं खारीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.